मूळ धरेपर्यंत

१२ मार्च

पोचलो. सामान कमी असल्यामुळे गाडीत जागा उरली होती, ती ड्रायव्हरने कोळशाच्या पोत्यांनी भरून काढली. धाकटी बहीण रस्ताभर पोत्यांवर पाय ठेवून बसून आली. घाटाचं शेवटचं वळण संपलं आणि वास आला. ड्रायव्हर म्हणाला, आली बघा तुमची फुलं, आता इथून पुढे नाकाला सुट्टी नाही. धाकटीने खिडकीची काच स्वतःहून खाली केली. गेल्या कित्येक महिन्यांत तिने न सांगता केलेली ही पहिली गोष्ट असावी, म्हणून नोंदवते आहे.

राहायला दोन खोल्या मिळाल्या आहेत. भिंती कोरड्या, खिडक्यांना जाळी, नळाला गरम पाणी. लॅब मुख्य घराच्या मागे आहे. जंतू नसलेल्या हवेत काम करायची लॅमिनारची मशीन नवीन आहे. बाटल्या वाफेने निर्जंतुक करायचा ऑटोक्लेव्ह जुना आहे, पण दाब बरोबर दाखवतो. एका भिंतीला काचेच्या बाटल्यांसाठी मांडण्या, वर ट्यूबलाइट. बाहेरची हवा गाळून आत येते, त्यामुळे दार लावलं की फक्त स्पिरिटचा वास. मला जागा आवडली. असं मी सहसा लिहीत नाही.

सर निवृत्त वनस्पतिशास्त्रज्ञ आहेत. घर, बाग आणि मागचं जंगल त्यांचंच. बोलतात हळू, ऐकतात नीट. म्हणाले, बियांपासून रोपं करणं तुमचं काम, आणि रोपं बाहेर जगवणं आपल्या दोघांचं.

धाकटी रात्रीचं जेवली. अर्धी पोळी, पण जेवली.

१४ मार्च

आज मुकादम जंगल दाखवायला घेऊन गेले. माळ्यांवर देखरेख, झाडावर चढणं, दोर बांधणं सगळं तेच करतात. वयाने बरेच मोठे आहेत पण खोडावर माकडासारखे जातात. मला म्हणाले, मॅडम, तुम्ही बाटलीतल्या, आम्ही फांदीवरचे, मध्ये कुठेतरी भेटू.

जंगल ओढ्याच्या दोन्ही काठांनी आहे. झाडं पाण्यावर वाकलेली, खोडांवर शेवाळ, शेवाळात नेचे. ऊन थेट पडत नाही, चाळणीतून आल्यासारखं येतं. सकाळी ओढ्यावर धुकं असतं आणि ते उतरलं की खोडं घाम आल्यासारखी ओली दिसतात. ज्यासाठी मी आले ते झाड या खोडांवरच वाढतं. पुस्तकात ते ऑर्किड, इथे सगळे नुसतं आमरी म्हणतात. जाड पट्ट्यांसारखी पानं दोन रांगांत. फुलं खाली लोंबणाऱ्या घोसात, मेणासारखी पांढरी, कडेला फिकट जांभळी. ऊन चढलं की वास सुरू होतो आणि दुपार कलल्यावर थांबतो, कुणी बटण दाबावं तसा.

मुळं सर्वांत बघण्यासारखी. मातीत नाहीत, हवेतच. करड्या रंगाची, बोरूएवढी जाड, वरून स्पंजासारखं आवरण. पाणी पडलं की हिरवी होतात. वाढणारं टोक मात्र कायम हिरवं असतं. ते टोक एकदा सालीला लागलं की चिकटतं, मग ओढून निघत नाही. मूळ तुटतं पण सुटत नाही.

धाकटी बरोबर होती. तिला वाटलं बांडगूळ आहे, झाड खातंय. मी समजावलं की बांडगूळ वेगळं. आमरी झाडाकडून अन्न घेत नाही, पाणी घेत नाही. तिला हवेतलं पुरतं. झाडाकडून फक्त बसायला जागा घेते. सर मागे उभे होते ते मला माहीत नव्हतं. म्हणाले, वा, इतकं सरळ कुणी सांगत नाही.

१८ मार्च

धाकटीला इथे का आणलं हे एकदा लिहून ठेवते.

आईच्या आजारपणात शेवटपर्यंत तीच होती. मी दुसऱ्या गावी नोकरीत होते, सुट्टी मिळेल तेव्हा येत असे. आई गेल्यावर धाकटीची झोप उडाली. रात्रभर उठून रिकामी खाट बघून येई. औषधाच्या वेळा तोंडपाठ होत्या, त्या वेळा झाल्या की उभी राही. कॉलेज सुटलं. डॉक्टर म्हणाले हवापालट करा. मला ही नोकरी दिसली, कुटुंबाला राहायची सोय होती. कुटुंब म्हणजे आता ती. ती पूर्ववत व्हावी, एवढं एकच मला हवं आहे. बाकी माझं ठीक आहे. मी रडले नाही, तेव्हा करायची कामं बरीच होती.

सरांच्या पत्नीला सगळे काकू म्हणतात. दिवसभर व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसून असतात. पाठीमागे लाकडी खांब, खांबावर आमरीचा मोठा जुना झुपका, अंगावर शाल. तिथूनच घर चालवतात. आज मी चहा घेऊन गेले तर म्हणाल्या, ये, बस, नाहीतर तूही सरांसारखी उभ्याने बोलशील आणि माझी मान दुखेल. मग सर जवळून गेले तेव्हा म्हणाल्या, लग्नाआधी यांनी बाग दाखवली, घर दाखवलं, खांब तेवढा दाखवला नाही. दोघेही हसले. धाकटीसुद्धा किंचित हसली.

२३ मार्च

अडचण कळली.

आमरीचं एक बोंड फुटलं की पिठासारख्या बिया उडतात. बीमध्ये साठवलेलं अन्न काहीच नसतं. जंगलात एका विशिष्ट बुरशीच्या मदतीने लाखात एखादी रुजते. लॅबमध्ये आपण त्यांना बाटलीत साखर घातलेल्या अगारच्या जेलीवर वाढवतो. ते इथे उत्तम चालतं. माझ्या आधीच्या माणसाने केलेली रोपंही टवटवीत आहेत. बाटलीतून काढून लाकडावर बांधली की मरतात. सालीला मूळ धरतच नाही.

यावर इथे एक पद्धत आहे. रोप खोडाला जुन्या सुती पट्टीने बांधतात आणि रोज, वास असतो तेवढा वेळ, कुणीतरी त्या रोपाला पाठ लावून बसतं. याला टेकायला जाणं म्हणतात. माळी आळीपाळीने जातात. वासाने पेंग येते म्हणे, अंग हलकं होतं, ते काम कुणाला नको नसतं. मुकादम म्हणाले, बसून पगार मिळणारं हे एकच खातं आहे. सरांचं म्हणणं, अंगाची ऊब आणि घामाचा ओलावा मिळाला की मूळ जागं होतं.

मला हे पटलं नाही. ऊबच हवी असेल तर विजेची गरम पट्टी देता येईल. सरांना तसं सांगितलं. ते म्हणाले, करून बघा, मी कुणाचाही हात धरत नाही.

२ एप्रिल

प्रयोग लावला. सारख्या वाढीची रोपं, सारखीच खोडं. काहींना नुसतं बांधलं, काहींना मागून गरम पट्टी आणि पाण्याचा फवारा, काहींना माणूस. माणसांची मापं वेगवेगळी असल्यामुळे हा गट मला मुळातच विस्कळीत वाटत होता, त्यात एक माळी आजारी पडला. धाकटी म्हणाली, मी बसते. मी नाही म्हणण्याचं कारण शोधलं, सापडलं नाही. सावली आहे, ओढ्याचा आवाज आहे, उठून कधीही परत येता येतं.

मी स्वतः तिथे फारशी जात नाही. जाते तेव्हा मास्क असतो. बाहेरची बुरशी लॅबमध्ये आणायची नाही, एवढंच कारण.

५ एप्रिल

धाकटी झोपली. रात्री, सलग. सकाळी तिला उठवावं लागलं.

मी जरा वेळ दारात उभी राहून बघत होते. मग कामाला गेले.

११ एप्रिल

गरम पट्टीवरची रोपं पिवळी पडली. नुसती बांधलेली मेली. माणसांच्या पाठीशी होती त्यांतली बरीच तगली आहेत, आणि धाकटीच्या पाठीशी आहेत ती सर्वांत पुढे. फरक नजरेला दिसण्याइतका. नवी मुळं आली आहेत, टोकं हिरवीगार.

मुकादमांना विचारलं की हिचीच का. ते म्हणाले, आम्ही बसलो की कुणाला चहा आठवतो, कुणाची पाठ खाजते, कुणाला घरचं भांडण आठवतं. तुमची बहीण बसली की बसली. खोडालासुद्धा तिच्याकडून शिकता येईल. हे शास्त्रीय उत्तर नाही, पण दुसरं माझ्याकडे नाही.

धाकटी आता रात्री उठून रिकामी खाट शोधत नाही. औषधांच्या वेळा विसरली. आज सहज विचारून पाहिलं, आईची आठवण येते का. म्हणाली, येते की. जसं कुणी विचारावं पाऊस पडेल का, आणि म्हणावं, पडेल.

प्रगती आहे.

१९ एप्रिल

तिचा वेळ वाढवला. वास सुरू होण्याआधीपासून तो थांबल्यानंतरही थोडा. तिची हरकत नव्हती. सरांना आकडे दाखवले, त्यांनी ते दोनदा वाचले. माझ्या कामाचं असं कौतुक याआधी कुणी केलेलं नाही. मी आभार मानले आणि पुढच्या खेपेच्या बाटल्या काढल्या.

जेवण बेचव लागतं. मीठ वाढवलं तरी तसंच. ताटात मीठ नुसतं दिसत होतं, लागत नव्हतं. मास्क बदलायला हवा.

२४ एप्रिल

चिमटा दिव्यावर तापवून नेहमी थंड होऊ देते. आज लक्ष नव्हतं, तापलेलाच बोटांत धरला. मांस भाजल्याचा बारीक वास आला म्हणून खाली पाहिलं. दोन बोटांच्या टोकांना पांढरे फोड. दुखलं नाही. अजून दुखत नाही.

मी रोज संध्याकाळी धाकटीला आणायला जाते तेव्हा मास्क काढते, कारण मास्कमधून तिला माझं बोलणं कळत नाही म्हणते. वास थांबला तरी हवेत काही उरत असेल, त्याचा परिणाम असू शकेल. उद्यापासून काढणार नाही.

पट्टी बांधली. डाव्या हाताने काम जमतं.

२८ एप्रिल

धाकटीच्या केसांना तेल लावत होते, झंपर मागून जरा खाली सरकला. पाठीवर करड्या रेघा दिसल्या. वेडीवाकडी जाळी. दिवसभर खोडाला टेकल्यावर सालीचे वळ उठणारच. मी बोटाने चोळून पाहिलं. वळ दाबल्यावर जात नाहीत.

तिला विचारलं, दुखतं का. कुठे, म्हणाली.

१ मे

काकूंना हिशेबाची वही द्यायला गेले होते. वारा होता. शाल खांद्यावरून घसरली, आणि त्यांनी ती लगेच सावरली नाही. त्यांना ती घसरल्याचं कळलंच नसावं.

खांबावरच्या झुपक्याची मुळं खुर्चीच्या वेतातून पुढे आली आहेत. तिथे थांबलेली नाहीत. मानेच्या खाली, खांद्यांच्या मध्ये, पाठ अशी वेगळी दिसत नाही. शेवाळही आहे. एक छोटा नेचा आहे.

मी शाल उचलून त्यांच्या खांद्यावर घातली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, बघितलंस ना, मग आता तोंड असं करू नकोस, चहा ओत. उठायला काय, उठेन की. पण उठून जायचं कुठे गं. इथे काही टोचत नाही. माझा मुलगा गेला तो दिवस मला तारखेसकट आठवतो, आणि टोचत नाही. तुला कळेल, तूही हुशार आहेस.

मी चहा ओतला. कपातून बराच सांडला, बशी भरून माझ्या हातावर. तेही बघूनच कळलं.

१ मे, संध्याकाळ

धाकटीला दिव्याखाली पालथं झोपवलं. भिंग घेतलं.

वळ नाहीत. मुळं आहेत. वरचं स्पंजासारखं आवरण, खाली कातडी. काही ठिकाणी कातडी वर, मूळ खाली. सात-आठ जागी टोकं दिसतात, हिरवी. जिवंत. मी पाण्याचा थेंब टाकला. करडा रंग हिरवा झाला.

संध्याकाळी तिला उठवताना खोडावरून फाटल्यासारखा आवाज येतो, तो मी रोज ऐकत होते. सालीचा समजत होते.

एक टोक चिमट्याने उचललं. त्याच्याबरोबर कातडीही उचलली गेली. धाकटी उशीवर हनुवटी ठेवून खिडकीबाहेर बघत होती. म्हणाली, ताई, आटप ना, सकाळी लवकर जायचंय.

वेळ मी वाढवला होता.

२ मे

सरांना भेटले. त्यांनी काही लपवलं नाही. बसायला खुर्ची दिली, खिडकीपासून लांबची. म्हणाले, आमरी कुणाचं काही घेत नाही. बांडगूळ नव्हे, हे तुम्हीच किती छान सांगितलं होतंत. रक्त घेत नाही, अन्न घेत नाही. जागा घेते. आणि ज्याला बसून राहायचंच आहे त्याच्याकडे जागा असतेच. तुमची बहीण झोपायला लागली की नाही. ते खरं आहे की नाही.

मी म्हटलं, आम्ही जातो. ते म्हणाले, जरूर. परवा गाडी सामान घेऊन येते. मी आजवर कुणाला अडवलेलं नाही. मग, फार संकोचाने, विचारलं की पुढच्या खेपेची रोपं बाटल्यांतून काढण्याइतकी झाली आहेत का.

मी सांगितलं, झाली आहेत. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देण्याची सवय आहे.

३ मे

धाकटीला खोलीतून बाहेर सोडलं नाही. तिने दार ठोठावलं नाही, ओरडली नाही. भिंतीला पाठ लावून बसली.

मुळं कापली. स्काल्पेल, स्पिरिट, सगळं व्यवस्थित. बाहेरची सगळी निघाली. आतली नाहीत. किती आत गेली आहेत ते मला दिसत नाही. रक्त फार आलं नाही. ती मधेच म्हणाली, हे कापतेयस ते माझं आहे की तिचं. मी म्हटलं, हलू नकोस. ती म्हणाली, मी कुठे हलतेय.

सकाळी गाडी. तिने विचारलं, कुठे जायचं. मी म्हटलं, घरी. बरं, म्हणाली. तू म्हणतेस तर जाऊ.

४ मे

लिहायला उशीर झाला. जसं झालं तसं लिहिते.

गाडी वेळेवर आली. धाकटी आपल्या पायांनी चालत गाडीत बसली. काकूंनी व्हरांड्यातून हात केला. मुकादमांनी सामान ठेवलं आणि म्हणाले, मॅडम, खिडकी लावू नका, हळूहळू सुटू दे. मी खिडकी लावली.

येताना घाटातलं शेवटचं होतं ते वळण आलं. तिथे वास संपतो.

आधी काही नाही. मग धाकटी म्हणाली, ताई, आई गेली ना गं. जसं तिला आत्ताच कुणी सांगितलं असावं. मग रडायला लागली. आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती, नुसती उठत होती, बघत होती. आता मोठ्याने, तोंड उघडं टाकून. मग तिची पाठ जागी झाली. तो आवाज मी लिहीत नाही. तिने पुढची सीट दोन्ही हातांनी धरली. नखं रेक्झिनमध्ये गेली.

आणि ती म्हणाली, चल. थांबू नकोस. ताई, दुखू दे, पण चल. हे ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. रडणं आणि हे, दोन्ही एकाच वेळी.

तेवढ्यात माझी बोटं पेटली. भाजलेली. मग हात. मग दुसरं. ते बोटांचं नव्हतं. दवाखान्याचा जिना होता, मी उशिरा पोचले होते, आईच्या पायावरची चादर कुणीतरी नीट करत होतं. ते सगळं एकदम. मला वाटलं होतं माझं ठीक आहे.

ड्रायव्हरने गाडी हळू केली होती. मागे न बघता म्हणाला, काकूंनाही साहेबांनी एकदा इथवर आणलं होतं. पुढे न्यायचं का मागे, ते तुम्ही सांगा.

धाकटी म्हणाली, पुढे.

मी म्हटलं, मागे घ्या.

त्याने विचारलं, नक्की ना. मी नक्की म्हटलं. धाकटीने माझा दंड धरला, मग सोडला.

वळण ओलांडल्यावर तिचं रडणं थांबलं. माझंही. मी रडत होते हे मला तेव्हा कळलं.

५ मे

आता बरं आहे. बोटं दुखत नाहीत.

धाकटी सकाळी स्वतःच गेली. मी तिच्या शेजारच्या खोडाजवळ बसले, तिच्यावर लक्ष ठेवायला. टेकले नाही.

ती माझ्याशी बोलत नाही.

७ मे

तिची नवी मुळं आली. कापलेल्या जागांवरून दुप्पट. उद्या तिला सांगणार आहे, पुन्हा जाऊ. या वेळी मला औषध घ्यायला हवं, दुखणं थांबवणारं काहीतरी, म्हणजे मी मध्येच—

ड्रायव्हरला आणायला सांगितलं.

९ मे

पाठ अवघडली होती म्हणून थोडी टेकले. मास्क कुठे ठेवला आठवत नाही. लॅबमध्येच असेल. लॅबला कुलूप आहे. किल्ली सरांकडे की माझ्या खिशात, हात घालून बघायला हवं.

ओढ्याचा आवाज चांगला येतो.

१३ मे

सर आले होते. बाटल्यांतली रोपं आणली. माझीच खेप. मुळं छान आहेत, मी केलेली. विचारलं, चालेल ना. मी म्हटलं पट्टी घट्ट बांधू नका, मूळ दबतं. त्यांनी ती माझ्या खांद्यांवर सैल बांधली.

मुकादमांनी ड्रायव्हरने आणलेलं औषध माझ्या शेजारी ठेवलं. म्हणाले, घेऊन ठेवा. खाली बघत म्हणाले. चेष्टा केली नाही.

१४ मे किंवा नंतर

गाडी येऊन गेली. हॉर्न ऐकला.

पुढच्या वेळी.

दुपार

धाकटीच्या हातावर मुंगळा चढला, डोळ्याच्या कडेपर्यंत. पापणी हलली नाही. मी इथून फुंकर मारली. पोचली नाही. हात लांब केला तर पोचला असता. केला की नाही ते—

सकाळ

वजन वाटत नाही. सरांनी विचारलं, जड होतंय का. नाही म्हटलं. खरंच नाही. ती काही घेत नाही, फक्त

आई आठवते. तारखेसकट. टोचत नाही.

सकाळ

धाकटी बोलली.

मान वळली नाही, ओठ थोडे. आवाज शेवाळातून आल्यासारखा. म्हणाली ताई, गाडी खाली उभी आहे. तू उठून दाखव. तू उठलीस तर मी येते. या वेळी मागे म्हणू नकोस.

मी म्हटलं, नाही म्हणणार.

म्हणाली मग ऊठ.

उठणं अवघड नाही. औषध इथे आहे. हातात पेन्सिल आहे म्हणजे हात आहे. लिहीत लिहीतच उठते, म्हणजे कुठे अडतं ते कळेल.

मान पुढे. आली. मागे काहीतरी फाटल्याचा आवाज झाला, दुखलं नाही.

ती बघते आहे.

उजवा खांदा. सुटतोय. सुटला. आता डावा. डावा येतो आहे, थोडा, अजून थोडा, धाकटे, थांब, मी आले, डावा—